महामार्गात जमीन जातेय? पहिल्या नोटिशीपासून सातबारा वेगळा होईपर्यंत काय काय करायचं

आमच्या गटातली ४३ गुंठे जमीन राष्ट्रीय महामार्गात गेली. पहिल्या अधिसूचनेपासून शेवटचा पैसा खात्यात पडेपर्यंत साडेचार वर्षं लागली आणि त्यातली निदान दोन वर्षं आमच्याच गलथानपणाने गेली. त्या काळात पारावर एकच विषय असायचा, "एकराला किती देणार?" खरं सांगायचं तर दरावर आपलं फारसं चालत नाही. तो कायद्याने आणि नोंदलेल्या खरेदीखतांवरून निघतो. आपलं चालतं ते मोजणीच्या दिवशी बांधावर आणि त्याआधी घरातल्या कागदांवर. बहुतेकांचा पैसा बुडतो तोही तिथेच.

मी वकील नाही. ज्याची जमीन गेली त्या बाजूने, महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे हे लिहितोय.

१. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा

"सरकारने जमीन घेतली" एवढं कळून भागत नाही. रस्ता, रेल्वे आणि इतर प्रकल्प यांचे कायदे वेगळे आणि हरकतीच्या मुदतीही वेगळ्या.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ लागतो आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. रेल्वेसाठी रेल्वे अधिनियम १९८९ मधलं २०ए पासून पुढचं प्रकरण आहे, तिथे ३० दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली थेट संपादन असेल तर प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस. राज्याच्या रस्त्यांना महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ लागू शकतो. काही प्रकल्पांत सक्तीच्या संपादनाआधी थेट खरेदीने जमीन घेतात. त्यात तुम्ही खरेदीखतावर सही करता, म्हणजे व्यवहार संमतीचा झाला आणि नंतर "दर कमी दिला" म्हणून भांडायला जागा उरत नाही.

शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्यांनी "साठ दिवस आहेत" असं पाहुण्याकडून ऐकलं आणि निवांत बसले. पाहुण्याची जमीन धरणात गेली होती, यांची महामार्गात. कायद्याचं नाव आणि कलम नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदातच असतं, ते वाचा.

यापुढचं सगळं राष्ट्रीय महामार्गाबद्दल आहे.

२. ३ए ची अधिसूचना मिळवा आणि आपला गट शोधा

प्रांत कार्यालयात गेलात की "थ्री ए झालं का, थ्री डी निघालं का" हीच भाषा कानावर पडेल. घोटाळा असा की थ्री ए दोन आहेत. एक "स्मॉल", म्हणजे कलम ३ मधलं (ए). त्यात फक्त सक्षम प्राधिकारी कोण हे जाहीर होतं. आपल्याकडे बहुधा प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी असतात. दुसरं "कॅपिटल", म्हणजे कलम ३ए. यात गावं, गट नंबर आणि क्षेत्र येतं. घड्याळ सुरू होतं ते या दुसऱ्याने.

३ए ची अधिसूचना भारत सरकारच्या राजपत्रात निघते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. हरकतीच्या २१ दिवसांबद्दल कलमातले शब्द "अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून" असे आहेत, म्हणजे मोजायची तारीख राजपत्राची. पेपर हातात पडेपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले असू शकतात, आणि ज्यांच्या घरी तो पेपर येतच नाही त्यांना तर चावडीवरून कळतं. राजपत्र इंटरनेटवर फुकट मिळतं. २०१८ पासून महामार्गाच्या संपादनाच्या अधिसूचना केंद्राच्या "भूमी राशी" पोर्टलमधून तयार होतात, तिथेही त्या पाहता येतात.

अधिसूचना हातात आली की तीन गोष्टी ताडून बघा: गट नंबर हिश्श्यासह बरोबर आहे का, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये किती धरलंय, आणि जमिनीचा प्रकार काय लिहिलाय. आमच्या बागायतीपुढे "जिरायत" पडलं होतं. एका शब्दाचा फरक, पण मूल्यांकन त्याच शब्दावर होणार होतं.

३. हरकत २१ दिवसांत, लेखी, पोच घेऊन

कलम ३सी खालची हरकत जमिनीच्या वापराबद्दल असते. दर कमी आहे, मुलाला नोकरी द्या, असलं इथे लिहून उपयोग नाही, ते दप्तरात पडतं. इथे चालतं ते असं: आखणी सरळ असताना वळण माझ्याच विहिरीवर का, गट नंबर चुकलाय, क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त दाखवलंय, जमिनीचा प्रकार चुकलाय, समाधी किंवा सार्वजनिक पाणवठा मध्ये येतोय. चूक दाखवणारी हरकत नीट ऐकली जाते. आखणीच बदलून घेणं फार अवघड, पण विहिरीसारखी ठोस गोष्ट असेल तर मागणी जरूर करा.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. आवकला "साहेब आले की देतो" म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. सुनावणीनंतरचा आदेश अंतिम असतो. त्यावर अपील नाही, उच्च न्यायालयात रिट करावी लागते.

सह्यांचं सामुदायिक निवेदन गावाच्या समाधानासाठी द्यायला हरकत नाही. आपल्या गटाची हरकत मात्र वेगळ्या कागदावर द्या.

४. सातबारा साफ करा, अगदी आजच

आमची खरी वाट इथे लागली. सातबाऱ्यावर वडील, दोन चुलते आणि थोरली आत्या अशी चार नावं होती. आत्या जाऊन अकरा वर्षं झालेली, वारसनोंद कुणीच केलेली नव्हती. घरात सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं, त्यामुळे गरजच वाटली नाही. निवाड्यात, म्हणजे कुणाला किती मोबदला ते ठरवणाऱ्या आदेशात, आत्याचं नाव आलं, तिच्या वाट्याची रक्कम अडकली आणि हिश्श्यांचा उलगडा होईना म्हणून आमचीही थांबली. आत्याची चार मुलं तीन जिल्ह्यांत. त्यातल्या एकाशी वीस वर्षांपूर्वी एका लग्नातल्या मानपानावरून बोलणं बंद झालेलं. एका सहीसाठी वडील त्याच्या दारात तीनदा जाऊन आले.

म्हणून ३ए दिसताच, किंवा रस्त्याची नुसती कुणकुण लागताच, हे करून घ्या:

- मयतांची वारसनोंद. बहिणी-लेकींची नावं गाळून नोंद करून घेऊ नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि गाळलेलं नाव निवाड्याच्या वेळी हमखास वर येतं. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तोंडी कबुलीला किंमत नाही.
- "इतर हक्क" रकाना. सोसायटीचं फिटलेलं कर्ज, आजोबांच्या काळातला तगाईचा बोजा, कधीकाळचं कुळाचं नाव, सगळं तिथे बसलेलं असतं. बँकेचा दाखला आणून बोजा कमी करून घ्या.
- अज्ञान पालक. मुलगा तिशीचा झाला तरी सातबाऱ्यावर "अ.पा.क. आई" असतंच. हे काढायला साधा अर्ज लागतो.
- एकत्र कुटुंब प्रमुखाची नोंद. एकाच भावाचं नाव "ए.कु.मॅ." म्हणून असेल तर सगळा धनादेश त्याच्या एकट्याच्या नावाने निघू शकतो. पुढची भांडणं मी सांगायला नको.
- विहीर, बोअर, झाडं आणि पीक. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर "विहीर दिसते, पण कुणाची?" असा प्रश्न निघतो. ई-पीक पाहणीत फळझाडं संख्येसह भरा.
- भोगवटादार वर्ग २. इनाम, वतन किंवा सरकारने दिलेली जमीन असेल तर मोबदल्यात सरकारचा हिस्सा निघू शकतो. तुमची जमीन चुकून वर्ग २ दाखवली असेल तर ती दुरुस्ती निवाड्याआधीच करून घ्या.

फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलायला, नोटिशीची मुदत असते, त्यातच कुणी तक्रार घेतली की प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणीला जातं. महिने सहज जातात. निवाडा तुमच्यासाठी थांबत नाही.

५. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेत सोडू नका

भूमी अभिलेखचा भूकरमापक, महामार्गाचा माणूस, तलाठी, कृषी सहायक आणि कधी बांधकाम खात्याचा अभियंता असे सगळे एकत्र येतात. गावात रिवाज असा की मोठ्यांनी चहापाण्याकडे बघायचं आणि शेतात एखाद्या पोराला उभं करायचं. उलटं करा. चहा पोरगा आणेल.

मी त्या दिवशी काय पाहिलं ते सांगतो. मापक हातात रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जागा मोजायचं यंत्र) घेऊन चालतो, मागून एकजण चुन्याची फक्की मारत येतो. फक्कीच्या आत काय काय आहे ते तिसरा तोंडाने सांगतो आणि चौथा कागदावर उतरवतो. "आंबा, मोठे, बावीस." आमचे आंबे एकतीस होते. नऊ कलमं तीन वर्षांची, माणसाच्या खांद्याएवढी. ती सांगणाऱ्याला झाडं वाटलीच नाहीत. मी एकेका कलमाला हात लावून पुन्हा मोजायला लावलं, तेव्हा खाली "लहान ९" अशी वेगळी ओळ आली.

पुढे पाइपलाइन. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत चारशे फूट, जमिनीत तीन फूट खोल. "दिसत नाही, लिहू कसं?" तो म्हणाला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. चुलत्यांनी कुदळ आणली आणि दोन ठिकाणी उकरून पाइप उघडा केला. मग व्यास, लांबी, पीव्हीसी की सिमेंटचा, असं सगळं लिहून झालं. शेजारच्या गटातल्या माणसाची लाइन तशीच गेली, कारण त्याची कुदळ घरी होती.

त्या दिवशी हे मोजून आणि लिहून घ्या:

- प्रत्येक झाड: जात, वय, फळ देतं की नाही, बुंध्याचा घेर. बांधावरचं झाड कोणाच्या बाजूला ते शेजाऱ्यासमोरच ठरवा.
- विहीर: व्यास, खोली, बांधीव की कच्ची. बोअरची खोली. मोटार आणि वीजजोडणीचं बिल.
- गोठा, शेड, पडवी, कांदाचाळ, कूपण, दगडी ताल, शेततळं, ठिबक.
- घराचं प्रत्येक बांधकाम, संडास आणि पाण्याच्या टाकीसकट.

झाडांची किंमत पुढे कृषी किंवा वन विभाग काढतो आणि बांधकामाची सार्वजनिक बांधकाम खातं. पण त्यांच्यापुढे येतो तो हाच कागद. यात जे नाही त्याची किंमत काढायला कुणी परत शेतात येत नाही.

तारीख दिसेल अशा पद्धतीने मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढा. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. काही राहिलं असेल तर सहीच्या वर "अमुक अमुक बाबींची नोंद घेतलेली नाही, हरकत कायम" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो घ्या. चिडून सही न करता निघून जाणं हा मार्ग नाही. "धारक गैरहजर" असा शेरा पडतो आणि तो तुमच्याच विरोधात जातो. नंतर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशाची प्रत काढा आणि तुमच्या गटाचं संपादित व उरलेलं क्षेत्र जुळतं का बघा. दोन्हींची बेरीज सातबाऱ्याइतकी यायला हवी, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरून.

एक सांगून ठेवतो. रस्त्याची बातमी लागताच काहीजण रातोरात शेड ठोकतात नाहीतर रोपं खोचतात. बाजारमूल्य ३ए च्या तारखेचं धरतात, आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रं आता कुणीही काढून बघतं. असल्या एका शेडपायी अख्ख्या गटाचं मूल्यांकन फेरतपासणीला जाताना मी पाहिलंय.

६. ३डी निघालं की मालकी गेली

हे पचायला जड जातं. कलम ३डी ची घोषणा राजपत्रात आली की त्या तारखेला जमीन केंद्र सरकारची होते, सगळ्या बोज्यांतून मुक्त होऊन. पैसा मिळालेला नसतो, नांगर तुमचाच चालू असतो, सातबाऱ्यावर नावही तुमचंच असतं. तरीही विकायला किंवा तारण ठेवायला ती आता तुमची नाही. ३डी नंतर घेतलेला विसार परत करताना एकाच्या नाकी नऊ आले होते.

३ए पासून एका वर्षात ३डी निघालं नाही तर ३ए आपोआप रद्द होतं. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ त्यात धरत नाहीत. दोन्ही राजपत्रांच्या प्रती काढून तारखा वहीत लिहून ठेवा.

७. मोबदला कसा निघतो ते स्वतः मांडून बघा

३डी नंतर सक्षम प्राधिकारी ३जी ची जाहीर नोटीस काढतो आणि हितसंबंधितांनी दावे घेऊन यावं असं सांगतो. इथे दाव्याचा लेखी अर्ज द्यावा लागतो. आमच्या गावात निम्म्या लोकांनी दिला नाही, "ते देतीलच की बरोबर" म्हणून.

महामार्गाच्या कायद्यात पूर्वी दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कम, नव्हती. २०१३ च्या कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाल्या, आता हिशोब त्याप्रमाणे होतो. (१९९७ ते २०१५ मधल्या संपादनात दिलासा रक्कम मिळाली नसेल तर वकिलाला नक्की विचारा. ती नाकारणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि तो निकाल जुन्या प्रकरणांनाही लागतो असं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं.)

बाजारमूल्य दोन आकड्यांमधलं मोठं धरतात: रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला दर, आणि मागच्या तीन वर्षांत त्या गावात किंवा लगतच्या गावात तशाच जमिनीच्या नोंदलेल्या खरेदीखतांची सरासरी. सरासरी सगळ्या खतांची काढत नाहीत. खतं किमतीप्रमाणे लावायची आणि वरच्या निम्म्यांची सरासरी घ्यायची. म्हणून आपल्या आसपासची चांगल्या दराची खतं गाळली जाऊ नयेत, हे आपणच पाहायचं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि वर्ष टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ते काढा आणि दाव्याला जोडा. वर्षानुवर्षं खरेदीखतात किंमत कमी दाखवायची आणि मुद्रांक वाचवायचा, ही गावाची हुशारी नेमकी इथे अंगावर येते.

त्या मूल्याला गुणांक लागतो. शहरी भागात १, ग्रामीण भागात १ ते २ च्या दरम्यान राज्य सरकार अधिसूचनेने ठरवेल तो. तुमच्या निवाड्याला कोणत्या तारखेची अधिसूचना लावली ते लेखी विचारा.

आकडे फक्त समजण्यापुरते घेतो. ४० आर जमीन, दर हेक्टरी ३० लाख, म्हणजे १२ लाख. गुणांक १. झाडं, विहीर, पाइपलाइन मिळून ३ लाख. बेरीज १५ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, आणखी १५ लाख. शिवाय बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी असेल ते. पंधरा महिने धरले तर १ लाख ८० हजार. एकूण ३१ लाख ८० हजार. गुणांक २ असता तर जमिनीचे १२ लाख आणि त्यावरच्या दिलाशाचे १२ लाख असे २४ लाख वाढले असते.

यातून पाचवी पायरी पुन्हा आठवा. दिलासा रक्कम झाडा-विहिरींच्या किमतीवरही मिळते, म्हणजे मोजणीत सुटलेली ५० हजारांची पाइपलाइन तुमचं १ लाखाचं नुकसान करते.

दाव्यात आणखी दोन गोष्टी मागा. गटाचे दोन तुकडे होऊन पलीकडचा भाग निकामी होत असेल तर त्याची भरपाई, आणि घर किंवा धंदा हलवावा लागला तर त्याचा खर्च. कलम ३जी मध्ये दोन्हींचा उल्लेख आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. राहतं घर जाऊन कुटुंब विस्थापित होत असेल तर पुनर्वसनाचे लाभ वेगळे: वर्षभर दरमहा ३,००० रुपये, सामान हलवायला ५०,००० आणि एकरकमी ५०,०००.

८. पैसे उचलताना लागणारे कागद

- ताजा डिजिटल सातबारा, ८अ आणि संबंधित सगळे फेरफार
- आधार, पॅन, पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश
- बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला
- वारस असतील तर मृत्यू दाखला आणि वारसनोंदीचा फेरफार. काही प्रकरणांत न्यायालयाचा वारस दाखला मागतात
- हिश्श्याबद्दल सर्वांचं संमतीपत्र आणि नुकसानभरपाईचं बंधपत्र, कार्यालय देईल त्या नमुन्यात
- नावात फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. सातबाऱ्यावर "बाबू", आधारवर "बाबुराव" आणि बँकेत "बाबासाहेब" ही आपल्याकडची नेहमीची गत

पैसे प्रत्येक हिस्सेदाराच्या स्वतःच्या खात्यात घ्या. "आधी माझ्या खात्यात येऊ दे, मग वाटू" म्हणणारा भाऊ कितीही सज्जन असला तरी नको. हिश्श्यावरून वाद उरलाच तर सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि रक्कम तिथे जमा होते. दोन गुंठ्यांच्या हट्टापायी सगळी रक्कम न्यायालयात पडून राहिलेली घरं मला माहीत आहेत.

शेतजमिनीच्या मोबदल्यावर टीडीएस कापायचा नसतो. कापला गेलाच तर शेतजमिनीचा पुरावा देऊन विवरणपत्र भरा. व्याज म्हणून मिळालेल्या रकमेचा कर मात्र सीएला विचारून ठरवा.

कार्यालयाबाहेर टक्केवारीवर "फाइल काढून देतो" म्हणणारे भेटतीलच. माझ्या फायलीत त्यांनी केलेलं एकही काम असं नव्हतं जे मला करता आलं नसतं. त्यांना कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही, कोरा धनादेश किंवा मुखत्यारपत्र कधीही देऊ नका.

दर मान्य नसला तरी रक्कम उचला. पावतीवर "हक्क राखून, हरकतीसह स्वीकारली" असं लिहा आणि त्या पावतीची प्रत जपा.

९. ताबा

रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा झाल्यावर ताब्याची नोटीस येते आणि तिच्यात ६० दिवस असतात. ती मिळाल्याची तारीख पाकिटासकट ठेवा. पीक उभं असेल तर काढणीपर्यंत मुदत मागणारा अर्ज द्या. आमच्या इथे ठेकेदाराची यंत्रं नोटिशीआधीच बांधावर आली होती. चुलत्यांनी शिवीगाळ न करता फक्त नोटीस आणि रक्कम जमा झाल्याचा कागद मागितला. यंत्रं परत गेली, हरभरा घरात आला.

१०. दर पटला नाही तर लवाद

कलम ३जी(५) खाली केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करता येतो. आपल्याकडे हे काम बहुधा जिल्हाधिकारी किंवा आयुक्तालयातला वरिष्ठ अधिकारी बघतो. या कलमात अर्जाची मुदत लिहिलेली नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं बसून राहतात. तसं करू नका. निवाड्याची प्रमाणित प्रत मिळाली की अर्ज तयारीला घ्या.

सोबत काय जोडायचं ते तुमच्याकडे आता आहेच: इंडेक्स टू, मोजणीचे फोटो, "हरकत कायम" लिहिलेला पंचनामा, पोच घेतलेला दावा. लवादापुढे भाषणाचा उपयोग नाही. "माझ्या गटापासून इतक्या अंतरावर, अमुक तारखेला, अमुक दराने खरेदी झाली, ती सरासरीत धरलेली नाही" हे वाक्य काम करतं. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव भागावर ताब्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज देता येतं. तेही अर्जातच मागा.

लवादाचा निर्णयही पटला नाही तर लवाद कायदा १९९६ च्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात जावं लागतं. मुदत तीन महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. न्यायालय तिथे दर पहिल्यापासून ठरवायला बसत नाही, त्यामुळे सगळा पुरावा लवादापुढेच आलेला हवा.

११. उरलेल्या जमिनीचं बघा

पैसे मिळाले की लोक कार्यालयाचं तोंड बघत नाहीत, आणि मग रस्ता पुरुषभर उंच होतो. पलीकडच्या तुकड्यात जायला वाट नाही, पाण्याला मोरी नाही, पहिल्याच पावसात शेताचं तळं. भराव पडायच्या आधी महामार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला लेखी मागणी द्या: बैलगाडी-ट्रॅक्टर जाईल असा भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता, ओढ्याच्या जागी मोरी, आणि आपली पाइपलाइन पलीकडे न्यायला भरावाखाली मोठा नळ. भरावाआधी हा नळ दोन तासांत बसतो. नंतर रस्ता फोडायची परवानगी मागत फिरावं लागतं.

शेवटचा कागद म्हणजे कमी-जास्त पत्रक, सगळे त्याला क.जा.प. म्हणतात. संपादित क्षेत्र आणि तुमचं उरलेलं क्षेत्र याने वेगळं होतं आणि सातबारे स्वतंत्र निघतात. हे राहिलं की पीककर्जाला बँक अडते, कारण सातबाऱ्यावर तुमच्या नावाशेजारी महामार्गाचं नाव असतं. भूमी अभिलेख आणि तहसील या दोन टेबलांमध्ये ही फाइल झोपते. महिन्यातून एकदा जाऊन आवक नंबर दाखवायचा. आमचा वेगळा सातबारा नऊ महिन्यांनी निघाला, आणि त्यात क्षेत्र दोन आर कमी पडलं होतं. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज अजून चालू आहे.